कॅमेऱ्याकडे दुसऱ्यांदा

फोटोग्राफीचा शोध जगाला जाहीर झाला तो १८३९ मध्ये, पॅरिसला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये विद्यार्थ्यांसाठी फोटोग्राफीचा वर्गही निघाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पेशानं डॉक्टर, पण कॅमेऱ्याचं वेड. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली १८५३ मध्ये. म्हणजे आगगाडी आणि कॅमेऱ्याचा छंद ही दोन्ही आपल्याकडे जवळजवळ बरोबरीनंच रुळली.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या शाळेतली प्रयोगशाळेमागची खोली आठवली. तिच्या दारावर खडूनं 'छायाचित्र मंडळ' असं लिहिलेलं असे. काळा पडदा, लाल दिवा, आणि आत आपल्या वर्गातले सहा-सात मुलगे. दार लावून घ्यावं लागतं म्हणून मुलींना त्या मंडळात घेत नसत. आम्हाला त्या तासाला भरतकाम होतं. त्या काळी याचं कुणाला काही वाटलंही नाही, आणि आज इथे मी तक्रार करायला बसलेली नाही. कारण ते मुलगे आत काय करत होते ते मला त्यांच्यापेक्षा जास्त चांगलं येत होतं. ते कसं, ते पुढे सांगते.

स्मरणिका समितीनं मला 'निवृत्तीनंतर जडलेला छंद' हा विषय दिला. विषयात थोडी दुरुस्ती करून घेते. माझा छंद निवृत्तीनंतर जडलेला नाही. तो शाळेत असतानाचाच आहे, मध्ये पस्तीस वर्षं सुटला होता. सुटलेल्या कॅमेऱ्याकडे वय झाल्यावर परत गेलेल्या माणसाचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या मराठी मुलखातच आहे, म्हणून आधी त्या माणसाबद्दल लिहिते. धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळक्यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ओळखतो. त्या बिरुदामुळे त्यांची त्याआधीची वीस-बावीस वर्षं झाकली जातात. जन्म १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे पंडित. १८८५ मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, १८९० च्या सुमारास बडोद्याला कलाभवनात गेले. चित्रकला, मूर्तिकाम, छपाईचे ठसे, जादूचे प्रयोग, सगळं शिकले. (जादूगार म्हणून नाव घेतलं 'केळफा'. फाळके उलटं वाचून पाहा.) यातच फोटोग्राफी आली. कलाभवनचे प्राचार्य गज्जर यांनी त्यांचा कल ओळखून तिथला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांच्या हाती सोपवली. मग त्यांनी गोध्र्याला स्वतःचा फोटो स्टुडिओ थाटला.

तो टिकला नाही. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, अशी भीती तेव्हा लोकांत होती आणि फाळक्यांच्या धंद्याला ती नडली, असं सांगितलं जातं. त्याहून वाईट म्हणजे १९०० च्या सुमारास प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. तिशीतला माणूस, बायको नाही, मूल नाही, धंदा नाही. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी बरंच काही केलं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, स्वदेशीच्या दिवसांत ती सोडली, छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले, आणि छापखाना ऐन भरात असताना भागीदारांशी पटलं नाही म्हणून त्यातूनही बाहेर पडले. ठसे करायला कॅमेरा लागत असे, पण ते झालं कामापुरतं. स्वतःच्या हौसेनं काही पाहावं आणि टिपावं, असं त्या वर्षांत कुठे दिसत नाही.

चाळिशी गाठली असताना त्यांनी गिरगावातल्या एका चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना साक्षात्कार झाला, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. मला ते अर्धंच पटतं. तंबूत त्या दिवशी आणखी माणसं होती. तीही ख्रिस्ताला पाहून हळहळली असतील आणि घरी जाऊन जेवली असतील. फाळक्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले, ते पडद्यामागचं काम त्यांच्या हातांना माहीत होतं म्हणून. काच, चांदीचे क्षार, डेव्हलपर, हायपो हे सगळं ते वीस वर्षांपूर्वी करून बसले होते. मधल्या काळात ते हरवलं नव्हतं, नुसतं पडून होतं.

आणि परतल्यावर त्यांनी पहिलं काय टिपलं? राजा हरिश्चंद्र नव्हे. विम्याच्या पॉलिसी पणाला लावून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन दोनेक महिन्यांत परत आले. पैसे संपले होते. कर्ज देणाऱ्यांना पटवायला काहीतरी दाखवणं भाग होतं. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडी कॅमेऱ्यासमोर ठेवली आणि महिनाभराहून जास्त दिवस थोडं थोडं करत त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती सगळी वाढ मिनिटाच्या थोडी पुढे जाते, इतकीच. नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून कर्ज मिळालं.

मला फाळक्यांच्या सबंध चरित्रात ही कुंडी फार आवडते. पंचविशीतला फोटोग्राफर वाटाण्यापुढे महिनाभर बसला असता असं मला वाटत नाही. त्या वयात आपण गिऱ्हाइकं शोधतो, नाव शोधतो. याच माणसाची दृष्टी त्याआधी काही महिने चित्रपट पाहून पाहून जवळजवळ गेली होती, डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी ती परत आली होती. ज्याचे डोळे जाता जाता वाचले, तो रोज सकाळी उठून कोंब किती वर आला ते पाहत होता.

आता सरस्वतीबाई. फाळक्यांनी १९०२ मध्ये दुसरं लग्न केलं, त्या ह्या. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्याआधी दादरच्या त्यांच्या बिऱ्हाडात जे काम झालं त्यातलं अर्धं तरी या बाईंनी केलं. मंडळींचा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि कपडे तर होतेच. त्याशिवाय उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड परतवणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं, आणि रात्री दिवे मालवून कोऱ्या फिल्मला भोकं पाडणं. तेव्हा फिल्म भोकांशिवाय यायची. एक भोक वाकडं पडलं की चित्र पडद्यावर उडी मारणार. अंधारात, बोटांच्या अंदाजानं, हजारो फूट. तारामतीची भूमिका करायचं मात्र त्यांनी नाकारलं असं सांगतात. ती मग अण्णा साळुंके या तरुणानं केली. मला वाटतं बाईंनी बरोबरच केलं. तेही काम अंगावर घेतलं असतं तर स्वयंपाक कोणी केला असता?

सरस्वतीबाईंबद्दल वाचताना मला क्षणोक्षणी माझी मामी दिसत होती.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना बाजारपेठेतला माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आठवत असेल. दारात नवरा-नवरीचा रंगवलेला मोठा फोटो, आत जिना आणि बाग रंगवलेला पडदा, प्लॅस्टरचा खांब आणि दोन मोठे दिवे. फोटो काढायला येणारी प्रत्येक व्यक्ती त्या खांबावर हात ठेवायची, जणू खांबच पडणार आहे. माझी सातवी ते दहावीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी त्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत गेली. मामा पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचा. मागचं खातं मामीचं.

खिडकीशी तिचं उतरतं मेज असे. त्याच्या मधोमध चौकोनी भोक, त्यावर निगेटिव्ह ठेवायची, खाली आरसा, म्हणजे खिडकीतला उजेड निगेटिव्हमधून वर येतो. सुईसारखं टोक केलेली पेन्सिल घेऊन मामी चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, पुटकुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकेक ठिपक्यानं भरून काढायची. निगेटिव्हवर काळं केलं की छापात ते गोरं येतं. आपल्या गावातल्या कितीतरी लग्नं जमवायला गेलेल्या फोटोंवर मामीची पेन्सिल फिरलेली आहे. नावं सांगत नाही, संमेलनाला यायचं आहे मला.

संध्याकाळी डार्करूम. लाल उजेडात छापायच्या कागदावर परिणाम होत नाही, म्हणून लाल दिवा. एका ट्रेमध्ये डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो. कोरा कागद डेव्हलपरमध्ये सरकवला की आधी केस उमटतात, मग डोळे, मग भिंत. मी शंभर वेळा पाहिलं असेल, आणि शंभराव्या वेळीही श्वास धरून. दहावीत रसायनशास्त्राच्या सरांनी सोडियम थायोसल्फेट सांगितलं तेव्हा मी एकटीच हसले आणि मला बाकावर उभं केलं गेलं. सर, आता कारण सांगते. ते आमच्या घरचं हायपो होतं. हर्शेल या शास्त्रज्ञानं १८१९ मध्येच दाखवलं होतं की ते चांदीचे क्षार विरघळवतं. वीस वर्षांनी फोटोग्राफी आली तेव्हा उमटलेलं चित्र टिकवायला तेच कामी आलं. धुतलेले छाप आम्ही काचेवर पालथे चिकटवून ठेवायचो. वाळले की सकाळी एकेक आपोआप 'टक्' करून सुटायचा.

दहावीनंतर मामानं मला एक साधा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा दिला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे एकेका फोटोसाठी चार चार दिवस विचार. कॉलेजची तीन वर्षं तो माझ्या पिशवीत होता. मग कोषागार कार्यालयात नोकरी, लग्न, बदल्या, मुलं, सासूबाईंचं आजारपण. कॅमेरा कोणी काढून घेतला नाही. कपाटात गेला आणि तिथेच राहिला. घरातले फोटो हे काढायचे, ह्यांचे फोटो बरे यायचे. त्यात मी अल्बममध्ये नाव-तारीख लिहिणारी.

परत जाणं सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि सगळ्यांना ते हवंही नसतं. होमाय व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापून येत. पुढे स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी टिपली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि नंतरची चाळीसहून जास्त वर्षं तो पुन्हा हातात धरला नाही. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, २०१२ मध्ये त्या गेल्या. पुरे झालं असं ठरवून थांबण्यात एक ताठपणा आहे, तो मला आदरणीय वाटतो. माझं तसं नव्हतं. मी काही ठरवलंच नव्हतं.

निवृत्तीच्या पैशातून मी आधी दाढांचं काम केलं आणि उरलेल्यातून डिजिटल कॅमेरा घेतला. पहिले सहा महिने काढलेल्या फोटोंची संख्या सांगायला लाज वाटेल अशी आहे. फुलं, सूर्यास्त, पुन्हा फुलं. बारा फोटोंच्या हिशेबावर वाढलेल्या बाईला कुणी धान्याच्या कोठारात सोडावं तसं झालं. पण हात काय ते लक्षात ठेवून होते. माणूस समोर आला की उजेड कुठून येतो ते मी आधी बघत होते, आणि नाकाची सावली ओठावर पडली की त्याला आपोआप अर्धं पाऊल सरकवत होते. ही मामीची सवय.

तेवढ्यात मामेभावानं स्टुडिओचा गाळा रिकामा करायला काढला. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, मामी त्यानंतर. जुन्या निगेटिव्हना भंगारवाला भाव देतो, कारण त्यात चांदी असते, ती काढून घेता येते. कितीतरी गावांतले स्टुडिओ असेच वितळून गेले आहेत. लोकांना घरातल्या अल्बमची काळजी असते, पण अल्बमातला एक फोटो निवडण्याआधी काढलेले बाकीचे स्टुडिओवाल्याकडेच राहतात, हे कुणाच्या लक्षात नसतं. मी तेवढे खोके मागून घेतले. एकोणीस होते. दोन पावसात भिजून गोळा झालेले, एका खोक्यातल्या फिल्मवर बुरशी. बाकीचे मी गेली दोन वर्षं एकेक करून पुसते, उजेडावर धरते, वहीत नोंद करते. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावून तिथे डार्करूम केली आहे. रसायनं आणि कागद अजून मागवता येतात. स्वस्त नाहीत. घरचे आंघोळीच्या वेळा मला विचारून ठरवतात.

आता तुमच्या कामाचं सांगते. अकराव्या खोक्यात 'हायस्कूल, दहावी अ, ७९' असं मामाच्या अक्षरातलं पाकीट निघालं. आपला निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो मामानं लाकडी कॅमेऱ्यावर हाफ प्लेटमध्ये काढला होता. त्या कॅमेऱ्याच्या काचेवर आपण सगळे उलटे, डोकी खाली, पाय वर दिसत होतो. काळ्या फडक्यात शिरून मामा आपल्याला तसं बघत होता. ग्रुपचे तो नेहमी दोन फोटो काढायचा आणि बरा असेल तो छापायचा. आपल्या सगळ्यांच्या घरी आहे तो दुसरा. सरळ बसलेला, गंभीर, बाई आणि सर मधोमध, आणि मागच्या रांगेत आपला तबला वाजवणारा मित्र, नेमके डोळे मिटलेला.

तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी गेला. त्याच्या घरी लहानपणाचा फोटो नव्हता आणि पुढचा काढायची वेळ आली नाही. त्याच्या वर्षश्राद्धाला याच ग्रुप फोटोतून मोठा करून चेहरा लावला होता, तो मिटल्या डोळ्यांचा. तुमच्यापैकी जे गेले होते त्यांना आठवत असेल.

पाकिटात पहिली निगेटिव्हही होती. ती कधीच छापली गेली नव्हती, कारण ती बिघडलेली होती. मामानं बटण दाबलं त्याच वेळी मामी कंगवा आणि पावडरचा डबा घेऊन रांगेत घुसलेली आहे, वाकून कुणाची तरी रिबीन बांधते आहे. सर मान वळवून तिच्याकडे बघताहेत. मागची सगळी रांग हसते आहे, आणि तो सगळ्यात जास्त. डोळे टक्क उघडे, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला.

हाफ प्लेटची निगेटिव्ह मोठी असते, मोठं करायचं यंत्र लागत नाही. कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, दिवा लावायचा. पहिला छाप काळपट आला, दुसरा फिका. तिसऱ्याला मी मागच्या रांगेवर हातानं थोडी सावली धरली, कारण ती झाडाखाली होती आणि छापात बुडत होती. आधी केस उमटले, मग डोळे. त्याच्या चेहऱ्यावर पेन्सिल फिरवायची गरज नव्हती.

एक प्रत त्याच्या बहिणीकडे पाठवली. तिचा फोन आला. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग म्हणाली, "याचा दात असा होता हे मी विसरलेच होते गं."

संमेलनाच्या दिवशी दोन्ही फोटो नोंदणीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवते आहे. ज्यांना प्रत हवी त्यांनी वहीत नाव आणि पत्ता लिहावा. न्हाणीघरातली डार्करूम आहे, दिवसाला सहाच्या वर होत नाहीत, घाई करू नये. आणि एक विचारायचं आहे. दुसऱ्या फोटोआधी मामानं उंची बघून दोन-तीन मुलींच्या जागा बदलल्या, त्यामुळे ताडून पाहता येत नाही. पहिल्या फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी कोण आहे? मामीचा हात तिच्या चेहऱ्यावर आला आहे. जिची रिबीन सुटली होती तिनं सांगावं, म्हणजे वहीत नाव लिहिते.